गंजलेली पेट्रोल-टाकी : डागडुजी कीं बदल?

जुन्या मोटारीवर माणसाची माया जडते; परंतु लोखंडाला त्या मायेची ओळख नसते. ॲम्बॅसडर मोटारीचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें आणि मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ सालीं निघून गेली. तरी या गाड्या हौसेनें व जिव्हाळ्यानें जपणारीं घरें महाराष्ट्रांत अजून आहेत. अशा गाडीचें इंजिन अडखळूं लागलें, पेट्रोलच्या जाळींत तांबूस भुकटी सांपडली, किंवा गाडीच्या मागच्या बाजूस उग्र वास दरवळूं लागला, म्हणजे मालकापुढें प्रश्न उभा राहतो : ही टाकी दुरुस्त करावी कीं टाकून द्यावी?

टाकी गंजते कशी, हें प्रथम पाहिलें पाहिजे. पेट्रोलनें लोखंड गंजत नाहीं; गंजतें तें पाणी आणि हवा यांच्या संगतीनें. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते व रात्रीं निवते. आंतल्या दमट हवेंतील बाष्प थंड पत्र्यावर दंवाप्रमाणें जमतें. पाणी पेट्रोलहून जड, म्हणून तें खालीं उतरून तळाशीं बसतें. त्यामुळें तळ हाच बहुधा आधीं झिजतो. २०२३ सालापासून भारतांत वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विक्रीस आलें. इथेनॉल पाणी शोषून घेतें आणि पाण्याचा अंश मर्यादेबाहेर गेला म्हणजे त्यासह वेगळें होऊन खालीं बसतें. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीस हें विशेष बाधतें. बाहेरून चिखल आणि कोंकणपट्टींतील खारी हवा आपलें काम करीत असतातच. टाकी आवळणाऱ्या पट्ट्यांखालीं ओल सांचून राहते व तेथील गंज डोळ्यांस दिसत नाहीं.

म्हणून निर्णय घेण्यापूर्वीं टाकी रिकामी करून, खालीं उतरवून, उजेडांत तपासली पाहिजे. तांबूस पूड पुसली जाऊन खालीं घट्ट पत्रा लागला, तर तो वरवरचा गंज होय. बोथट अवजारानें दाबतांच पत्रा लवला, पापुद्रे सुटले किंवा खड्डे दिसले, तर झीज खोल गेली आहे असें समजावें. सांधे आणि पट्ट्यांखालचा भाग यांकडे विशेष लक्ष द्यावें. सुईच्या अग्राएवढें एक भोंक क्षुल्लक वाटतें. परंतु तें क्वचितच एकटें असतें. त्याच्या भोंवतालचा पत्रा कागदासारखा पातळ झालेला असतो आणि पुढचें भोंक तेथेंच पडावयाचें असतें.

पत्रा एकंदरींत सुदृढ असेल, तर दुरुस्ती शहाणपणाची ठरते. सौम्य फॉस्फोरिक आम्लानें गंज काढून, टाकी धुवून, पूर्णपणें वाळवून, आंतून पेट्रोल व इथेनॉल या दोहोंस टिकणारा लेप देतां येतो. मात्र ओल किंवा सुटा गंज राहिल्यास लेपाचे पापुद्रे सुटतात आणि पूर्वीं गंज जें करीत होता तेंच, म्हणजे नळी तुंबविण्याचें काम, तेच पापुद्रे करूं लागतात. लेप हा पत्र्याचें रक्षण करतो. नसलेल्या पत्र्याची जागा तो घेऊं शकत नाहीं. बाहेरून लावलेली लांबी फार तर गाडी घरीं आणण्यापुरती उपयोगाची.

भोंक झाळावयाचें असेल, तर मात्र येथें प्राणाशीं गांठ आहे. भरलेल्या टाकीपेक्षां रिकामी टाकी अधिक घातक असते. द्रव पेट्रोल जळत नाहीं, त्याची वाफ जळते. हवेंत तिचें प्रमाण सुमारें दीड ते साडेसात टक्के असलें कीं एक ठिणगी स्फोटास पुरते. गंजाच्या छिद्रांत व सांध्यांत मुरलेलें पेट्रोल, टाकी धुतल्यावरही, उष्णता लागतांच पुन्हां वाफ सोडतें. त्यामुळें 'टाकी कोरडी आहे' या शब्दावर विसंबून कोणी वेल्डिंगची ज्योत जवळ नेऊं नये. टाकी निर्धोक करण्याची साधनें व अनुभव ज्याच्याजवळ आहेत, अशाच कारागिराकडे हें काम सोंपवावें.

तळ चाळणीसारखा झाला असेल, सांधे खचले असतील, किंवा एकदां झाळलेली टाकी पुन्हां गळूं लागली असेल, तर बदल हाच मार्ग. चालू बनावटीच्या गाडीस नवी टाकी मिळते. बंद पडलेल्या बनावटीसाठीं भंगारांतून टाकी आणतांना तीही तितकीच जुनी आहे, हें विसरूं नये. तिचीही तीच तपासणी व्हावी. कुशल कारागीर जुन्या टाकीच्या मापावरून नवी घडवूं शकतो. परंतु आंतील आडपडदे, हवेची नळी आणि पेट्रोल-मापकाची जागा मूळच्याप्रमाणेंच राखली पाहिजे. आडपडदे नसले तर वळणावर पेट्रोल हिंदकळतें आणि इंजिनास तें मिळेनासें होतें.

खर्चाचा हिशेब करतांना केवळ आजची रक्कम पाहूं नये. दोनदां केलेली दुरुस्ती बहुधा एका नव्या टाकीहून महाग पडते. शिवाय कित्येक जुन्या गाड्यांत ही टाकी मागच्या आसनापासून हातभर अंतरावरच असते, आणि त्या आसनावर घरचींच मुलें बसतात. पत्रा शाबूत असेल तर तो जपावा. तो गेला असेल तर ममता गाडीवर ठेवावी, टाकीवर नव्हे.