मुंग्यांची चटणी : अन्न की औषध?

गडचिरोलीच्या भामरागड, एटापल्ली भागातल्या माडिया घरांत लाल मुंग्यांची चटणी खाल्ली जाते. इंद्रावतीपलीकडे बस्तरमध्ये तिलाच ‘चापडा’ म्हणतात. शहरात मात्र तिची ओळख ‘तापावरचे रामबाण औषध’ अशी करून दिली जाते. ही ओळख मला पटत नाही.

ही विणकर मुंगी, कोकणातली ओंबील. आंबा-जांभळाची जिवंत पाने जोडून ती घरटे बांधते. काही मुंग्या पानांच्या कडा ओढून धरतात, तर काही अळीला तोंडात धरून धोट्यासारखी फिरवतात. अळीच्या रेशमाने पाने शिवली जातात. असे घरटे उतरवून मुंग्या, अंडी, अळ्या झटकून घ्यायच्या आणि मीठ-मिरची घालून वाटायच्या.

भामरागडजवळच्या एका गावात मी ती भाताबरोबर खाल्ली. आधी कैरीहून टोकदार आंबटपणा, मागून अंड्यांची स्निग्ध चव. ‘ताप आला म्हणजेच खाता का?’ असे विचारल्यावर घरची आजी हसली. म्हणाली, ‘भाऊ, भाताला चव लागते म्हणून खातो.’

हा आंबटपणा फॉर्मिक आम्लाचा. सतराव्या शतकात इंग्लंडच्या जॉन रे यांनी मुंग्यांपासूनच ते ऊर्ध्वपातनाने मिळवले. मुंगीच्या ‘फॉर्मिका’ या लॅटिन नावावरून त्याला नाव मिळाले. अंडी-अळ्यांतून प्रथिने आणि स्निग्धांश मिळतात.

चीनमध्येही मुंग्या परंपरेने औषधी मानतात. सांधेदुखीवर त्यांची पूड घेतात. पण इ.स. ३०४ च्या सुमाराचा म्हणून ओळखला जाणारा जी हान यांचा ग्रंथ वेगळेच सांगतो : दक्षिण चीनच्या बाजारात या मुंग्यांची घरटी विकली जात, ती संत्रावर्गीय झाडांना कीड लागू नये म्हणून.

आपल्याकडे ही चटणी कोविडवरचा उपचार ठरवावी, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली; २०२१ मध्ये ती फेटाळली गेली. जानेवारी २०२४ मध्ये ओडिशातल्या मयूरभंजच्या ‘काई’ चटणीला भौगोलिक मानांकन मिळाले, ते मात्र खाद्यपदार्थ म्हणून. मला हाच मान योग्य वाटतो.

कारण गडचिरोली हा राज्यातला सर्वाधिक हिवतापग्रस्त जिल्हा. इथे ताप आला तर आधी रक्त तपासायला हवे. चटणीच्या भरवशावर गेलेले दोन दिवस जिवावर बेतू शकतात. शिवाय ‘औषध’ म्हणून शहरातून मागणी वाढली, तर घरटी ओरबाडली जातील आणि आजीच्या ताटातली चव जाईल. रानाने दिलेल्या अन्नाला मोठेपणा येण्यासाठी औषधाच्या नावाची गरज नाही.