टक् टक् करणारा लॅपटॉप

मुलांनो, घरातली एखादी वस्तू बिघडण्याआधी कुरकुरायला लागते, हे तुम्ही पाहिलंय ना? पंखा आधी करकरतो आणि मग एक दिवस बंद पडतो. मिक्सरचं तसंच, शिवणयंत्राचंही तसंच. आणि आपण काय म्हणतो? "चाललंय ना, चालू दे!"

माझ्या लॅपटॉपच्या बाबतीत मीही असंच म्हटलं. आणि त्याची शिक्षा मिळाली. ती कशी, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

मी वाकोल्यात राहते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. २६ जुलै २००५ चा पाऊस तुमच्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधीचा. पण घरात विचारून पाहा, मोठी माणसं अजून त्याबद्दल बोलायला लागली की थांबत नाहीत. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी नदी फुगली, तिला मिळणारा आमचा वाकोला नाला फुगला आणि घराघरांत पाणी शिरलं. २०२५ साली या पुराला वीस वर्षं झाली. म्हणून मी वर्गातल्या मुलांना एक काम दिलं : आपल्या आजीला किंवा आजोबांना त्या रात्रीची गोष्ट विचारा आणि फोनवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून आणा.

एकतीस मुलांनी एकतीस आवाज आणले. कुणाच्या आजीने रात्रभर पोटमाळ्यावर बसून काढलेली, कुणाच्या आजोबांनी अंधेरीहून पाण्यातून चालत घर गाठलेलं. मी ते सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं. मुलांच्या घरचे फोन भरलेले असतात, म्हणून घरोघरी त्यांनी ते पुसून टाकलं. "बाईंकडे आहे ना!" असं म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीनंतर लॅपटॉप सुरू व्हायला पाच-पाच मिनिटं घेऊ लागला. मग आतून आवाज यायला लागला. टक्... टक्... टक्. मी आठवडाभर दुर्लक्ष केलं. आठव्या दिवशी एक फाइल उघडेना, मग दुसरी उघडेना. तेव्हा कुठे माझ्या पोटात गोळा आला.

आत टक् टक् कोण करतं?

माझा एक जुना विद्यार्थी आता कॉलेजात संगणक शिकतो. त्याला फोन केला. आवाज ऐकवला. तो म्हणाला, "बाई, आधी लॅपटॉप बंद करा. आता एकदाही चालू करू नका. मी संध्याकाळी येतो."

लॅपटॉपच्या पोटात हार्ड डिस्क नावाची एक डबी असते. साधारण पत्त्यांच्या जोडाएवढी, पण त्याहून चपटी. तिच्या आत एक किंवा दोन चकचकीत तबकड्या असतात. त्यांच्यावर चुंबकीय थर असतो आणि आपलं सगळं लिहिणं, फोटो, आवाज त्या थरावर बारीक बारीक चुंबकीय खुणांच्या रूपात साठवलेलं असतं. लॅपटॉपमधली साधी डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०! आपला छताचा पंखा जोरात असला तरी मिनिटाला तीन-साडेतीनशेच्या आसपास फिरतो. आता करा तुलना.

या तबकडीवरून एक दांडी इकडून तिकडे सरकत असते. तिच्या टोकाला वाचणारं-लिहिणारं डोकं, म्हणजे 'हेड' असतं. गंमत अशी, की हे हेड तबकडीला टेकत नाही. हवेच्या पातळ थरावर ते तरंगतं आणि ते अंतर आपल्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी असतं. लॅपटॉप धाडकन टेबलावर आपटला किंवा डिस्क म्हातारी झाली, की हेड चुकतं. हवी ती जागा त्याला सापडत नाही. मग ते मागे जातं, पुन्हा येतं, पुन्हा शोधतं. तोच तो टक् टक् आवाज. कधी ते तबकडीवर घासतं आणि थरच खरवडला जातो. खरवडलेल्या जागेवरच्या खुणा गेल्या त्या गेल्याच.

म्हणून आवाज आला की यंत्र बंद करायचं. चालू ठेवाल तितकं नुकसान वाढत जातं. आणि डिस्कची डबी घरी कधीही उघडायची नाही. धुळीचा एक कण त्या हेडपुढे डोंगराएवढा असतो!

जाता जाता सांगते. जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात दोन-दोन फूट रुंदीच्या ५० तबकड्या होत्या आणि ती बसवलेलं यंत्र टनभर वजनाचं होतं. त्यात मावायची फक्त ५० लाख अक्षरं. आज फोनवरचा एखादा फोटोच तेवढी जागा खातो.

आधी कॉपी, मग स्क्रू-ड्रायव्हर

संध्याकाळी तो आला. मला वाटलं, आता हा लॅपटॉप उघडणार. त्याने स्क्रू-ड्रायव्हर बाहेरच काढला नाही. खिशातून एक पेन ड्राइव्ह काढला. म्हणाला, "बाई, डिस्क नवी मिळते. आतलं सामान नवं मिळत नाही. आधी कॉपी."

त्या पेन ड्राइव्हवर एक अख्खी कार्यप्रणाली होती. लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू झाला, त्यामुळे आजारी डिस्कवर काहीही नवं लिहिलं जाणार नव्हतं. मग त्याने विचारलं, "सगळ्यात आधी काय वाचवायचं?" मी म्हटलं, "मुलांचे आवाज." सिनेमे, गाणी, जुने अर्ज, सगळं मागे ठेवून त्याने तेवढंच एक फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवायला घेतलं. मध्येच टक् टक्, मध्येच सगळं थिजल्यासारखं. रात्रीचे अकरा वाजले.

एकतीसपैकी अठ्ठावीस आवाज पूर्ण उतरले. तीन नाही उतरले.

नवी डिस्क कशी बसवली?

नवी डिस्क आणायला आम्ही रविवारी लॅमिंग्टन रोडला गेलो. सांताक्रूझहून धीमी लोकल, ग्रँट रोडला उतरायचं. तिथे संगणकाचे सुटे भाग विकणारी दुकानंच दुकानं आहेत. आम्ही फिरत्या तबकडीची डिस्क घेतली नाही, एसएसडी घेतली. हिच्यात फिरणारं, सरकणारं काहीही नसतं. माहिती चिपमधल्या सूक्ष्म कप्प्यांत विजेच्या भाराच्या रूपात साठते. म्हणून ती वेगवान असते आणि धक्क्याने तिला फारसं काही होत नाही. दुकानात जाताना जुनी डिस्क किंवा तिच्यावरच्या पट्टीचा फोटो सोबत न्यायचा. आकार आणि जोडणी जुळली पाहिजे. नव्या लॅपटॉपमध्ये च्युइंगगमच्या पट्टीसारखी लांबट एसएसडी असते आणि काही लॅपटॉपमध्ये ती बदलताच येत नाही.

मग घरी येऊन काम सुरू. हे काम मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करायचं, बरं का.

चार्जर काढला. लॅपटॉप पूर्ण बंद केला. बॅटरी निघण्यासारखी होती, तीही काढली. (बॅटरी फुगलेली दिसली तर हात लावायचा नाही, थेट दुरुस्तीच्या दुकानात न्यायचं.) अंगातली स्थिर वीज जावी म्हणून आधी धातूच्या कपाटाला हात लावला. मागचं झाकण उघडताना त्याने वहीच्या पानावर लॅपटॉपचं चित्र काढलं आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच्या त्याच्या जागी ठेवला. कारण सगळे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर आतलं काहीतरी फुटतं. जुनी डिस्क पत्र्याच्या चौकटीतून सोडवली, नवी त्याच चौकटीत बसवली आणि हळूच सरकवून जोडली. जोर लावावा लागला तर समजा, काहीतरी चुकतंय.

एवढं झालं पंधरा मिनिटांत!

कोरी पाटी

पण लॅपटॉप चालू केल्यावर काळ्या पडद्यावर एक ओळ आली आणि बस्स. असं का?

समजा, नवी शाळा बांधली. वर्ग आहेत, बाकं आहेत, फळा आहे. पण मुख्याध्यापक नाहीत, वेळापत्रक नाही, घंटा द्यायला कुणी नाही. चालेल शाळा? संगणकात हे काम कार्यप्रणाली करते. कुणी कधी काम करायचं, कुठली फाइल कुठे ठेवायची, छापायचं कधी, दाखवायचं काय, सगळं तीच ठरवते. नवी डिस्क म्हणजे कोरी पाटी. तिच्यावर कार्यप्रणाली नव्याने घालावी लागते.

आता प्रश्न आला, कोणती? माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० होती. तिला मायक्रोसॉफ्टकडून नेहमी मिळणारी सुरक्षेची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ साठी नवा प्रोसेसर आणि सुरक्षेची खास चिप लागते, ती माझ्या २०१४ च्या लॅपटॉपात नाही. म्हणून मी लिनक्स घातली. लिनक्सची सुरुवात १९९१ साली फिनलंडमधल्या लायनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने केली. पुढे जगभरच्या लोकांनी तिच्यात भर घातली. तिची अनेक रूपं मोफत मिळतात आणि तिच्यात मराठी आहे. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेने बनवलेली 'बॉस' कार्यप्रणालीही लिनक्सवरच उभी आहे.

तुमच्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत असेल तर तीच पुन्हा घालता येते. आधी खरी विंडोज असेल तर इंटरनेट जोडल्यावर ती बहुतेक वेळा लॅपटॉपला ओळखते. चोरीची प्रत मात्र कुणी फुकट दिली तरी घेऊ नका, तिच्यासोबत नको ते पाहुणेही येतात.

रीत साधारण सारखीच आहे. दुसऱ्या चांगल्या संगणकावर, कार्यप्रणालीच्या मूळ संकेतस्थळावरून ती उतरवून घ्यायची आणि निदान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवायची. (पेन ड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं, आधी पाहून घ्या!) पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना एक ठरावीक बटण दाबायचं, कुठे एफ-२, कुठे एफ-१२, कुठे एस्केप. म्हणजे लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू होतो. मग भाषा निवडायची, डिस्क निवडायची. इथे घाई नको. चुकीची डिस्क निवडली तर तीच पुसली जाते. वहीत समास आखतो तशी तो डिस्कची आखणी करतो आणि अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. शेवटी नव्या सुधारणा उतरवून घ्यायच्या.

जो लॅपटॉप पाच मिनिटं घ्यायचा, तो आता अर्ध्या मिनिटाच्या आत उभा राहतो. भंगारात जायचा तो पुन्हा वर्गात आला.

आणि ते तीन आवाज?

त्यांतल्या दोन आज्यांनी गोष्ट पुन्हा सांगितली. हसत हसत, पहिल्यापेक्षा जास्त मीठमसाला लावून. तिसरे आजोबा मात्र दसऱ्याच्या आधीच वारले होते. धूळ नसलेल्या खास खोलीत डिस्क उघडणारे तज्ज्ञ असतात, त्यांनाही मी डिस्क दाखवली. उत्तर आलं, नेमक्या त्या जागेवरचा थर खरवडला गेलाय.

मी त्यांच्या नातीच्या घरी गेले आणि सांगितलं, चूक माझी आहे. एकच प्रत ठेवली, आणि यंत्र आठवडाभर टक् टक् करत असताना ऐकूनही ऐकलं नाही. तिची आई म्हणाली, "बाई, आमच्याकडे तरी कुठे ठेवली होती?" ती चिमुरडी काहीच बोलली नाही. मला तेच जास्त लागलं.

म्हणून मुलांनो, एक नियम सांगते. जगभरचे संगणकवाले तो पाळतात. महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. दुसरं ठिकाण कशाला? २६ जुलैच्या पुरात कितीतरी घरांतले लग्नाचे अल्बम लगदा होऊन गेले. त्याच दिवशी, त्याच मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत शंभर मिलिमीटरसुद्धा पाऊस झाला नव्हता. कुलाब्याच्या मावशीकडे ठेवलेला फोटो कोरडाच राहिला असता! एसएसडीही अमर नाही, आणि ती बिघडताना टक् टक् असा इशाराही देत नाही.

जुनी डिस्क घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.

आणि या रविवारी एक काम करा. आईबाबांना सोबत घेऊन बसा आणि ठरवा, आपल्या घरातलं असं काय आहे जे पुन्हा मिळणार नाही? आजोबांचा आवाज, बाळाचं पहिलं पाऊल, ताईच्या लग्नाचे फोटो. त्याची दुसरी प्रत करा, तिसरी मामाकडे नाहीतर काकांकडे ठेवा. आमच्या वर्गाचे तीस आवाज आता तीन ठिकाणी आहेत. एक प्रत शाळेत, एक माझ्याकडे आणि प्रत्येक आवाज ज्याचा त्याच्या घरी.

तुमच्या आजी-आजोबांचा आवाज अजून रेकॉर्ड केला नसेल, तर मात्र रविवारचीही वाट पाहू नका.