रस्ता फोनला ठाऊक, बॅटरी गाडीला

मोटारीच्या डॅशबोर्डवरची स्क्रीन, तिच्यामागचा संगणक, स्पीकर, मायक्रोफोन, नॅव्हिगेशन आणि इंटरनेटसाठी गाडीत बसवलेले सिम या सगळ्या जुळणीला इन्फोटेनमेंट म्हणतात. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत ही जुळणी गाणी, फोन आणि नकाशा यांपुरती राहिली तरी भागते. स्क्रीन बंद पडली म्हणून कुणी वाटेत अडकत नाही, कारण पंप दर थोड्या अंतरावर असतो. विजेच्या गाडीत मात्र किती चार्ज उरला आहे, तेवढ्यात कुठवर जाता येईल, पुढचा चार्जर कुठे आहे आणि तिथे किती वेळ थांबावे लागेल, हे सारे याच स्क्रीनवर कळते. त्यामुळे खिशातला स्मार्टफोन या स्क्रीनशी कसा जोडायचा, हा विजेच्या गाडीत केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

जोडणीची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे फोनचे चित्र गाडीच्या स्क्रीनवर आणणे. यासाठी सामाईक मानक असावे म्हणून २०११ मध्ये कार कनेक्टिव्हिटी कन्सॉर्शियम ही उद्योगसंस्था स्थापन झाली आणि मिररलिंक नावाची पद्धत पुढे आली. ती फार टिकली नाही. मार्च २०१४ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ॲपलने कारप्ले आणले, त्याच वर्षी जूनमध्ये गूगलने अँड्रॉइड ऑटो जाहीर केले आणि पुढचे दशक या दोघांचेच झाले.

यात स्क्रीनवर दिसणारा नकाशा गाडीचा संगणक काढतच नाही. फोन तो काढतो, व्हिडिओ म्हणून आकुंचित करून गाडीकडे पाठवतो आणि गाडी तो फक्त दाखवते. बोट कुठे टेकले, स्टिअरिंगवरचे कुठले बटण दाबले, मायक्रोफोनने काय ऐकले हे उलट दिशेने फोनकडे जाते. बिनतारी जोडणीत ओळखपाळख ब्लूटूथवर होते आणि चित्राचा भार वायफाय वाहते. या रचनेचा फायदा मोठा आहे. फोन बदलला की गाडीतला नकाशाही आपोआप नवा होतो, गाडी दहा वर्षांची असली तरी. पण तिची मर्यादाही इथेच आहे. गाडी फोनला स्क्रीन देते, आपल्या पोटातली खबर देतेच असे नाही.

दुसऱ्या पद्धतीत गाडीचा संगणक स्वतःच फोनसारखा वागतो. टेस्लाने २०१२ च्या मॉडेल एसमध्ये १७ इंची स्क्रीन आणि स्वतःची प्रणाली दिली. गूगलने याच विचाराने अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह ही प्रणाली उभी केली. अँड्रॉइड ऑटो आणि अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह यांची नावे जवळची असल्याने विक्रीदालनातही त्यांची गल्लत होते, पण पहिली फोनमध्ये चालते आणि दुसरी गाडीत. गूगलचे नकाशे आणि सहायक अंगभूत असलेली पहिली गाडी म्हणजे २०२० ची पोलस्टार २, तीही विजेचीच. हा योगायोग नाही, कारण बॅटरीची खबर ठेवणारा नकाशा हवा असेल तर तो गाडीत असणे सर्वांत सोपे.

बॅटरीची खबर म्हणजे नेमके काय, हे बोरघाटाच्या उदाहरणावरून कळते. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर उंची गाठते. माणसांसह १,७०० किलो वजनाची गाडी एवढी उचलायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने अडीच युनिट वीज लागते आणि घर्षण, हवेचा विरोध, मोटारीतली तूट हे त्यावर वेगळे. सपाट रस्त्यावर साधारण तेवढ्याच विजेत गाडी पंधरा-सतरा किलोमीटर जाते. परतीच्या उतारावर ब्रेकऐवजी मोटारच जनित्र होते आणि यातली बरीच वीज परत मिळते. फोनमधल्या नकाशाला घाटाची उंची माहीत असते, कोंडीही माहीत असते. पण गाडीचे वजन, एसीवर जाणारी वीज, बॅटरीचे तापमान आणि वयानुसार घटलेली क्षमता फक्त गाडीला कळते. दोघांची माहिती एकत्र आली तरच ‘लोणावळ्याला पोहोचाल तेव्हा इतके टक्के उरतील’ हे वाक्य भरवशाचे होते.

दुसरी गोष्ट तापमानाची. लिथियम-आयन बॅटरी फार गार असताना तिच्यात वेगाने वीज भरली तर धनाग्र-ऋणाग्रांमधली रासायनिक क्रिया बिघडते आणि पेशींचे आयुष्य घटते. फार तापलेली असली तरीही नियंत्रक चार्जिंगचा वेग कमी करतो. म्हणून अनेक गाड्या वेगवान चार्जरकडे निघाल्या की वाटेतच बॅटरी योग्य तापमानाला आणू लागतात. टेस्लाने ही सोय २०१९ मध्ये आणली. पण चालक चार्जरकडेच निघाला आहे हे गाडीला कळावे लागते आणि ते कळते गाडीच्या स्वतःच्या नॅव्हिगेशनमध्ये ठिकाण निवडले तर. तोच पत्ता फोनच्या नकाशात टाकला तर स्क्रीनवर रस्ता दिसत राहतो आणि बॅटरीला मात्र बहुतेक वेळा काहीच सांगितले जात नाही. थंड देशांत यामुळे चार्जिंगचा वेळ चांगलाच वाढतो.

यातून एक मधला मार्ग निघाला आहे आणि तोच सर्वांत शहाणपणाचा वाटतो. गाडीने बॅटरीची स्थिती फोनला वाचू द्यायची आणि फोनने मार्ग आखायचा. ॲपलने २०२० मध्ये आपल्या नकाशात विजेच्या गाडीसाठी थांब्यांसह मार्ग आखण्याची सोय जाहीर केली. जानेवारी २०२४ मध्ये गूगलने फोर्डच्या मस्टँग माक-ई आणि एफ-१५० लाइटनिंग यांच्यासाठी अँड्रॉइड ऑटोवर तशीच सोय आणल्याचे सांगितले. यात तंत्राची अडचण फारशी नाही. प्रत्येक गाडीचा विजेचा खप वेगळ्या प्रकारे ठरतो, म्हणून कंपनीने आपले आकडे खुले करायचे ठरवावे लागते. अडते ते तिथे.

जनरल मोटर्सने मार्च २०२३ मध्ये नेमके उलटे पाऊल उचलले. येणाऱ्या विजेच्या गाड्यांमध्ये कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो देणार नाही, असे तिने जाहीर केले. चार्जिंग आणि नॅव्हिगेशन एकजीव करायचे तर स्क्रीन आपल्या ताब्यात हवी, हे कारण तांत्रिकदृष्ट्या खोटे नाही, आणि सशुल्क सेवांतून मिळणाऱ्या उत्पन्नाचा विचारही कंपनीने लपवला नव्हता. पहिल्या मोठ्या परीक्षेत मात्र हा पवित्रा डळमळला. शेवरोले ब्लेझर ईव्हीच्या सुरुवातीच्या गाड्यांत सॉफ्टवेअरचे इतके दोष निघाले की डिसेंबर २०२३ मध्ये विक्री थांबवावी लागली. ती पुन्हा सुरू झाली मार्च २०२४ मध्ये. त्याच महिन्यात जनरल मोटर्सच्या गाड्यांतून गोळा झालेली चालकांच्या सवयींची माहिती दलालांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत जात असल्याचे उघड झाले आणि कंपनीने ती देवाणघेवाण बंद केली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशी माहिती पाच वर्षे ग्राहक-अहवाल संस्थांना देण्यास बंदी घालणारा आदेश प्रस्तावित केला. स्क्रीन कुणाची, या वादात प्रवासाची माहिती कुणाची, हा प्रश्न दडलेला असतो आणि खरेदीच्या वेळी त्याची चौकशी फार थोडे जण करतात.

ॲपलने २०२२ मध्ये वेगमापकापासून एसीपर्यंत सगळ्या स्क्रीन फोनच्या आराखड्यात आणणारे नवे कारप्ले दाखवले. ते प्रत्यक्ष गाडीत आले मे २०२५ मध्ये, ॲस्टन मार्टिनपासून. मोटार कंपन्या एवढा ताबा सोडायला किती नाखूश आहेत, हे या तीन वर्षांच्या अंतरावरून दिसते.

भारतात फोनला दार बंद करण्याची हिंमत मोठ्या कंपन्यांनी केलेली नाही. पुण्याजवळ रांजणगावला तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉन ईव्हीच्या २०२३ च्या आवृत्तीत हरमन कंपनीची १२.३ इंची स्क्रीन आली. तीत कारप्ले व अँड्रॉइड ऑटो बिनतारी चालतात आणि फोनचा नकाशा स्टिअरिंगमागच्या पॅनेलवरही दिसतो. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्ये आल्या. त्यांत क्वालकॉमची ८२९५ ही चिप आणि २४ जीबी रॅम आहे, आणि एक्सईव्ही ९ईमध्ये तर डॅशबोर्डभर १२.३ इंचांच्या तीन स्क्रीन आहेत. महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध केवळ कारखान्यांपुरता नाही. हिंजवडीची केपीआयटी ही जगभरच्या मोटार कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी कंपनी आहे आणि हरमनचेही पुण्यात विकासकेंद्र आहे.

भारतीय चालकाला फोन सोडता येत नाही, याचे आणखी एक कारण चार्जिंगच्या व्यवस्थेत आहे. चार्जर चालवणाऱ्या कंपन्या अनेक आणि बहुतेकींचे ॲप स्वतंत्र. चार्जर शोधणे, तो चालू आहे का पाहणे, सुरू करणे आणि पैसे भरणे हे सारे त्या त्या ॲपमधून होते. गाडीच्या स्क्रीनवर चार्जर दिसला तरी शेवटी हात फोनकडेच जातो. ही कामे एकाच ठिकाणाहून होऊ लागली तर चालकाचा जेवढा त्रास वाचेल, तेवढा चौथी स्क्रीन बसवून वाचणार नाही.

इतक्या स्क्रीनमुळे रेंज घटते का, ही शंका रास्त आहे, पण उत्तर दिलासा देणारे आहे. संगणक आणि स्क्रीन मिळून १०० वॅट घेतात असे धरले तर तासाला एक दशांश युनिट खर्च होते, म्हणजे एका किलोमीटरचाही प्रवास नाही. उन्हाळ्यातला एसी याच्या कितीतरी पट खातो. विजेच्या मोटारीने खरा त्रास दिला तो जुन्या रेडिओला. बॅटरीतली वीज मोटारीसाठी पालटून देणारा इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि त्यातून निघणाऱ्या लहरी मध्यम लहरींच्या (एएम) प्रक्षेपणात खरखर मिसळतात. बीएमडब्ल्यू आय३मध्ये म्हणूनच एएम रेडिओ नव्हता. फोर्डने २०२३ मध्ये तो काढायचे ठरवले होते, पण आपत्तीच्या वेळी हाच रेडिओ दूरवर पोहोचतो, ही बाजू पुढे आल्यावर निर्णय मागे घेतला. योग्य आवरण आणि फिल्टर बसवले तर खरखर आटोक्यात येते, फक्त त्याला पैसे लागतात.

वयाचा प्रश्न मात्र खर्चाने सुटण्यासारखा नाही. फोन चार-पाच वर्षांत बदलतो, गाडी पंधरा वर्षे राहते. निसान लीफ ही मोठ्या संख्येने विकली गेलेली पहिली आधुनिक विजेची गाडी. तिचे फोनमधले ॲप २जी जाळ्यावर अवलंबून होते. ब्रिटनमध्ये २०१६ पर्यंतच्या लीफसाठी हे ॲप १ एप्रिल २०२४ रोजी बंद झाले. गाड्या धावत राहिल्या, पण घरात बसून चार्जिंग पाहण्याची सोय गेली. टेस्लाचा अनुभव त्याहून गंभीर. २०१८ पर्यंतच्या मॉडेल एस आणि एक्समधल्या ८ जीबीच्या साठवण-चिपवर सतत नोंदी लिहिल्या जात आणि अशा चिपला लिहिण्याची मर्यादा असते. ती संपली की स्क्रीन काळी पडे, आणि तिच्याबरोबर मागचा कॅमेरा व काचेवरचे धुके घालवण्याचे नियंत्रणही जाई. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या यासाठी परत बोलवाव्या लागल्या. फोनच्या व्हिडिओवर चालणारी स्क्रीन या बाबतीत उजवी ठरते, कारण तिच्यामागचा विचार करणारा भाग दर काही वर्षांनी नवा होतो.

बाहेरच्या जगाशी जोडलेली स्क्रीन आत शिरण्याची वाटही ठरू शकते. गाडीतले नियंत्रक एकमेकांशी बोलतात ते बॉशने १९८६ मध्ये मांडलेल्या कॅन या पद्धतीने, आणि तीत मुळात ओळख पटवण्याची व्यवस्था नाही. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या संशोधकांनी जीप चेरोकीच्या इन्फोटेनमेंटमधून दुरून शिरकाव करून धावती गाडी मंदावून दाखवली. कंपनीने १४ लाख गाड्या परत बोलावल्या. ती गाडी पेट्रोलची होती, पण धडा सर्वांना लागू होता. आता स्क्रीन आणि ब्रेक-मोटारीची जाळी यांच्यामध्ये निवडक संदेशच पुढे सोडणारा गेटवे असतो. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतले १५५ आणि १५६ क्रमांकाचे नियम सायबर सुरक्षा आणि सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याची पद्धत तपासतात. भारतातली एआयएस-१८९ आणि एआयएस-१९० ही मानके त्याच धर्तीची आहेत.

राहतो तो चालकाच्या नजरेचा प्रश्न, आणि तो सर्वांत कमी चर्चिला जातो. ब्रिटनमधल्या टीआरएल या संस्थेच्या २०२० च्या सिम्युलेटर-अभ्यासात कारप्ले स्पर्शाने वापरणाऱ्यांचा प्रतिसादाचा वेळ ५७ टक्क्यांनी आणि अँड्रॉइड ऑटो वापरणाऱ्यांचा ५३ टक्क्यांनी वाढला. आवाजाने आज्ञा दिल्यावर ही वाढ ३६ आणि ३० टक्के होती. कायद्याच्या मर्यादेइतके मद्य घेतल्याने होणारी वाढ या तुलनेत १२ टक्के. २०२२ मध्ये ‘वी बीलेगारे’ या स्वीडिश नियतकालिकाने ताशी ११० किलोमीटर वेगात चार साधी कामे करून पाहिली. रेडिओ केंद्र लावणे, एसीचे तापमान बदलणे अशी ती कामे होती. बटणांच्या २००५ च्या व्होल्वो व्ही७० मध्ये ती १० सेकंदांत, ३०६ मीटरमध्ये उरकली. एमजी मार्वल आर या विजेच्या गाडीला सुमारे ४५ सेकंद आणि १,३७२ मीटर लागले.

हे मोजमाप आता नियमांत उतरू लागले आहे. गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेच्या २०२६ च्या निकषांप्रमाणे दिशादर्शक दिवे, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना हाताला लागणारी स्वतंत्र बटणे किंवा दांडे नसतील तर गाडीचे गुण कमी होतात. त्याच धर्तीचे भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाले, तेव्हाच्या नियमावलीत भर होता तो अपघातातल्या संरक्षणावर. स्क्रीनकडे पाहण्यात किती सेकंद जातात, याला तीत गुण नव्हते. रिक्षा, दुचाकी, गुरे आणि पादचारी एकाच रस्त्यावर असलेल्या देशात हे गुण युरोपपेक्षा आधी हवे होते.