आजची भाकर आली का?

संकट टळलं तरच चमत्कार म्हणायचं का? कळंबोलीतल्या एका स्वयंपाकघरात पडलेला प्रश्न, आणि केडगावात सापडलेलं उत्तर.

एप्रिल 2020. कळंबोलीचं स्टील मार्केट इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. एरवी रात्री दोन वाजताही ट्रेलरचे हॉर्न वाजत असतात. तेव्हा फक्त कुत्री भुंकायची. पप्पा ट्रेलरवर ड्रायव्हर. गाडी उभी, की पैसे बंद. डब्यात तांदूळ होते चार-पाच दिवसांचे.

आमच्या घरी रोज संध्याकाळी प्रार्थना होते. एक दिवस मी जाम चिडले. म्हटलं, "देव बघतोय ना सगळं? मग करतोय काय?"

आई शांतपणे म्हणाली, "विचार त्यालाच. उत्तर येईपर्यंत तांदूळ निवड."

त्याच रात्री वरच्या मजल्यावरच्या काकू पातेलंभर आमटी घेऊन आल्या. आई म्हणाली, "बघ, आली आजची भाकर."

मी म्हटलं, "त्या तर चर्चला येतही नाहीत!"

"आपण जातो ना. मग ओळखायचं काम आपलं."

तेव्हा हसले होते. पण ते डोक्यात राहिलं. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण वर्षभराचं धान्य मागत नाही, फक्त आजची भाकर मागतो. इस्राएल लोकांना रानात मान्ना मिळायचा, तोही रोजच्या रोज गोळा करावा लागे. उद्यासाठी साठवला तर त्यात किडे पडत. म्हणजे विश्वास ही काही फिक्स्ड डिपॉझिट नव्हे!

दुष्काळातली मुलगी

पंडिता रमाबाईंचं नाव आपण शाळेत वाचतो आणि पेपर झाला की विसरतो. त्यांची गोष्ट मी लॉकडाऊनमध्ये नीट वाचली. वयाच्या सोळाव्या वर्षी त्या दुष्काळात होरपळल्या. आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. उरलेली दोघं भावंडं पायी देशभर भटकत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथे त्यांना 'पंडिता' ही पदवी मिळाली. पुढे भाऊ गेला. लग्न झालं, तर दोन वर्षांतच नवराही गेला. पदरात लहानगी मनोरमा.

1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण डोळे मिटून नाही हं. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांशीही त्या पत्रांतून वाद घालत. प्रश्न विचारणं म्हणजे विश्वास कमी असणं नाही, हे मला त्यांच्याकडून कळलं.

खरी गोष्ट तर पुढे आहे. 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिथे गेल्या आणि सुमारे 300 मुली-बायकांना घेऊन आल्या. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावात त्यांच्यासाठी घर उभं राहिलं, ते 'मुक्ती'. काही वर्षांत तिथली संख्या दीड हजारावर गेली. मुली विणकाम, शेती, छपाई शिकल्या. अंध मुलींसाठीही शिक्षण सुरू झालं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं. ते छापायचं काम मुक्तीतल्या मुलींनीच केलं.

1921 मध्ये मनोरमाही गेली. पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. म्हणजे त्यांचं दुःख काही टळलं नाही. पण ज्या मुलीला दुष्काळात वाचवायला कुणी आलं नव्हतं, ती मोठी होऊन दुसऱ्यांसाठी दुष्काळात गेली. मला विचाराल, तर चमत्कार हाच. केडगावात मुक्ती मिशनचं काम आजही चालू आहे.

आज काय आलं?

आता पप्पांची गाडी पुन्हा पळतेय. माझा जॉब मात्र गेल्या महिन्यात गेला. रोज मेल उघडते. 'आम्ही कळवू' याच्या पुढे काही नाही. भीती वाटते. प्रार्थना केली तरी वाटते, खोटं कशाला बोलू?

पण आई रोज रात्री विचारते, "आजची भाकर आली का?" मग दिवस पुन्हा आठवून बघावा लागतो. आणि काहीतरी सापडतंच. काल सांगितलं, "मैत्रिणीने दोन तास बसून माझा रेझ्युमे नीट करून दिला."

"छान," आई म्हणाली. "मग आता तू कुणाचा करून देणार?"

खालच्या मजल्यावरच्या मुलाला मेसेज टाकलाय. आज संध्याकाळी येतोय तो.