हार्ड डिस्कचा हरवलेला सातबारा

शाळेच्या कार्यालयातला संगणक सकाळी सुरू करावा, तर पडद्यावर 'ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही' अशी सूचना येते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी, तर तो विचारतो, 'ही डिस्क फॉरमॅट करायची का?' जनरल रजिस्टरच्या नोंदी, दहा वर्षांची निकालपत्रके, दाखल्यांच्या प्रती, सारे त्याच डिस्कवर. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शिक्षकांनी आम्हाला हाच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे : माहिती गेली का? पुष्कळदा याचे उत्तर 'नाही' असे असते. ते 'नाही'च राहावे यासाठी डिस्कवर काय घडले आहे, ते समजून घेऊ.

हार्ड डिस्कवरील जागा लहान लहान समान कप्प्यांत वाटलेली असते. या कप्प्याला सेक्टर म्हणतात. रूढ पद्धतीत एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात आणि सेक्टरांना शून्यापासून क्रमांक दिलेले असतात. शून्य क्रमांकाच्या सेक्टरला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. त्याची मांडणी अशी : पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी, पुढचे ६४ बाइट पार्टिशन टेबलसाठी, आणि शेवटचे २ बाइट खुणेचे. ४४६ + ६४ + २ = ५१२.

हे ६४ बाइट म्हणजे डिस्कच्या विभागणीचा तक्ता. त्यात १६ बाइटांच्या चार नोंदी मावतात. प्रत्येक नोंदीत मुख्यतः तीन गोष्टी असतात : विभाग कोणत्या सेक्टरपासून सुरू होतो, त्यात किती सेक्टर आहेत, आणि तो कोणत्या प्रकारचा आहे. तक्त्यात आपली एकही फाइल नसते. वीज अचानक गेली, व्हायरस आला किंवा चुकीची आज्ञा दिली गेली आणि हे ६४ बाइट बिघडले, तर संगणकाला विभाग कोठे आहेत हेच कळत नाही. अब्जावधी बाइटांची माहिती जागच्या जागी असूनही डिस्क रिकामी भासते.

आता शेताकडे वळू. शिरूर आणि दौंड तालुक्यांमधून भीमा वाहते आणि काही अंतर तीच दोन्ही तालुक्यांची हद्द आहे. समजा, नदीकाठच्या एखाद्या गावचा नकाशा आणि सातबाऱ्याची नोंदवही नष्ट झाली. म्हणून शेते नाहीशी होतील का? बांध तेथेच असतील, हद्दीचे दगड तेथेच असतील, आणि जुन्या खरेदीखतांत चतुःसीमा लिहिलेल्या असतील. एकाची पूर्वेची हद्द आणि शेजाऱ्याची पश्चिमेची हद्द जुळते का, हे पाहत गेलो की नकाशा पुन्हा काढता येईल.

डिस्कवरही असे हद्दीचे दगड असतात. प्रत्येक विभागाच्या पहिल्या सेक्टरमध्ये त्या विभागाची स्वतःची माहिती असते. त्याला बूट सेक्टर म्हणतात. विंडोजमधील एनटीएफएस पद्धतीत या सेक्टरची एक प्रत विभागाच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्येही ठेवतात.

एक उदाहरण करून पाहू. शोध घेताना २०४८ क्रमांकाच्या सेक्टरवर एनटीएफएसचा बूट सेक्टर सापडला. त्यात आकार लिहिला आहे २०,९७,१५,१९९ सेक्टर. या आकारात शेवटच्या प्रतीचा सेक्टर धरलेला नसतो. म्हणून प्रत २०४८ + २०,९७,१५,१९९ = २०,९७,१७,२४७ या सेक्टरवर मिळायला हवी. तेथे ती मिळाली, आणि लगेच पुढच्या २०,९७,१७,२४८ या सेक्टरवर दुसऱ्या विभागाचा बूट सेक्टर दिसला, तर दोन स्वतंत्र पुरावे एकच हद्द सांगतात. मग तक्त्यातली नोंद निर्धास्तपणे लिहावी. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा 'टेस्टडिस्क' हा मोफत प्रोग्राम असाच शोध घेतो.

एक सावधगिरी मात्र हवी. १९४७ च्या कायद्यानुसार जमिनींचे एकत्रीकरण होऊन गट नंबर आले, तरी जुन्या सर्व्हे नंबरांचा एखादा दगड शेतात राहून गेलेला असू शकतो. तसेच डिस्कची पूर्वी वेगळी विभागणी झालेली असेल, तर जुने बूट सेक्टरही सापडतात. जो विभाग दुसऱ्यावर चढतो किंवा डिस्कच्या बाहेर जातो, तो संशयास्पद मानावा. विभागातील फाइलींची नावे नीट वाचता येतात का, ही शेवटची कसोटी.

ही पद्धत मोठ्या संकटातही उपयोगी पडली आहे. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच या व्हायरसने अनेक देशांतील संगणकांच्या डिस्कचा पहिला सुमारे एक मेगाबाइट भाग पुसला. तक्ता त्यातच गेला. पण पुढचा भाग शाबूत होता. ढाक्यातील विद्यार्थी मोनिरुल इस्लाम शरीफ याने उरलेल्या खुणांवरून डिस्क पूर्ववत करणारा 'एमरिकव्हर' हा प्रोग्राम लिहिला. नव्या संगणकांतील जीपीटी पद्धतीत तर तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेलीच असते.

मग शाळेने काय करावे? 'फॉरमॅट करायचे का?' याला 'नाही' म्हणावे. त्या डिस्कवर काहीही नवे लिहू नये. तीवर विंडोज पुन्हा बसवणे म्हणजे बांध नांगरणे होय. आधी तेवढ्या किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर सेक्टरन्‌सेक्टर प्रत घ्यावी आणि सारे प्रयोग प्रतीवर करावेत. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर बिघाड यंत्राचा आहे. ती ताबडतोब बंद करून जाणकाराकडे न्यावी. एसएसडी असेल तर जास्तच जपावे, कारण फॉरमॅट केल्यावर ती मोकळी ठरलेली जागा स्वतःच पुसून टाकू शकते.

आणि आजच करण्याजोगे एक काम : आपल्या संगणकातील प्रत्येक विभागाचा आरंभीचा सेक्टर आणि आकार कागदावर लिहून तो कपाटात ठेवावा. फार तर सात-आठ आकडे होतील. माहितीची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच. आठवी-नववीच्या मुलांना चौकटीच्या कागदावर अशी विभागणी आखायला देऊन, तक्ता झाकून, केवळ खुणांवरून हद्दी शोधायला सांगाव्यात. बेरीज-वजाबाकीने हरवलेली गोष्ट सापडते, हे त्यांना स्वतः पाहता येईल.