नदीचा आकडा वाचा

आपले आसगाव पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. या नदीचा उगम मात्र मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यात. तिकडे पाऊस कोसळला, की इकडे ऊन असले तरी पूर येतो.

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस तसेच झाले. तिकडच्या संजय सरोवराचे दरवाजे उघडले. नदी फुगली. भंडारा शहरात पाणी शिरले. गोसेखुर्द धरणाचे सगळे 33 दरवाजे उघडावे लागले. उभे धान पाण्याखाली गेले.

म्हणून आम्ही म्हणतो, नुसते आभाळ पाहू नका. नदीचा आकडा पाहा.

भंडाऱ्याजवळ कारधा येथे नदीची पातळी मोजतात. पूर असला, की वरचेवर मोजतात. तो आकडा 200 मीटरच्या वर असतो. एवढी काही नदी खोल नसते बरे! ती उंची समुद्राच्या पातळीपासून धरलेली असते.

धरणातून सोडलेले पाणी क्युसेकमध्ये सांगतात. 1 क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे 28 लिटर. मोठ्या दोन बादल्याच म्हणा.

एकच आकडा पुरत नाही. समजा, एका तासात पाणी 20 सेंटिमीटर चढले आणि पुढच्या तासात 40. म्हणजे चढ वाढतो आहे. मग धोक्याच्या खुणेची वाट कशाला पाहायची? लेकरे, म्हातारी माणसे उंचावर न्या. गुरांची दावी सोडा. धान्य हलवा.

आणि हो, आकडा वाचता येणाऱ्याने तो शेजाऱ्यालाही सांगावा.