मांजरहाक

गेल्या महिन्यात माझ्या वर्गातील एका मुलीने सायंकाळच्या शिकवणीस येणे बंद केले. चौकशी केली तेव्हा कळले की, कोपऱ्यावर बसणारे एक टोळके तिला पाहून शिट्ट्या मारते. “सर, कॅटकॉलिंग करतात,” ती म्हणाली. मला हा शब्द ठाऊक होता तो नाटकगृहातला. म्हणून घरी येऊन कोश काढला.

शब्दशः पाहिले तर ही ‘मांजरहाक’. परंतु सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्रजीत हा शब्द आला तो चक्क एका वाद्याचे नाव म्हणून! नाटक पसंत पडले नाही की लंडनचे प्रेक्षक एक लहानशी शिट्टी काढून वाजवीत. आवाज मांजरांच्या भांडणासारखा. डॉ. जॉन्सननेही १७५५ च्या आपल्या कोशात, नाटक धिक्कारण्यासाठी नाटकगृहात वापरायचे कर्कश वाद्य, असाच अर्थ दिला आहे.

जोसेफ ॲडिसनने तर एप्रिल १७१२ मध्ये ‘स्पेक्टेटर’मध्ये ह्या वाद्यावर अख्खा निबंध लिहिला. तो ते विकत घ्यावयास गेला तर लवकर मिळेना. दोनतीन खेळण्यांच्या दुकानांत सांगण्यात आले की, नटमंडळींनीच सगळा माल उचलला! पुढे तो एका उस्तादाची ओळख करून देतो. हा गृहस्थ म्हणे पुस्तकावरून शिट्टीची रीतसर तालीम देई : शोकांतिकेला खर्जाची, सुखांतिकेला तार स्वराची आणि मिश्र नाटकाला दोहोंची जुगलबंदी.

वाचून हसलो खरा; पण वडील आठवले. ते दरबारात गात. तेथे नापसंती म्हणजे फार तर शांतता. पुढे एका तिकिटाच्या जलशात त्यांच्या विलंबित ख्यालावर मागून शिट्टी आली. ते गायचे थांबले नाहीत. घरी परतताना एवढेच म्हणाले, “बेसूर होती.”

कालांतराने ते वाद्य गेले, आणि शब्दाचा अर्थ तोंडाची शिट्टी नि आरोळी एवढाच उरला. विसाव्या शतकात तो नाटकगृहाबाहेर पडून रस्त्यावरच्या बायकामुलींच्या मागे लागला. नट निदान आपण होऊन रंगमंचावर उभा राहतो, त्याने तिकिटाचे पैसेही घेतलेले असतात. ही पोर नुसती गाणे शिकायला निघाली होती.

आता ती दुपारी चारला येते. तिला यमन सुरू करायचा होता; वेळ बदलल्यामुळे सध्या भीमपलास चालू आहे.